विहिरीतले शिंगवाले बेडूक

खून, दरोडे, जाळपोळ सगळे पाहिले. त्यातले बरेचसे आता विसरलोही. पण निवृत्तीनंतर कोणी गप्पांना बसले, की बेडकांची ती केस पहिली ओठांवर येते. ऐकणारा आधी हसतो. मी त्याला हसू देतो. थोड्या वेळाने तो आपणच थांबतो.

मी तेव्हा अमरावती-नागपूर रस्त्यावर, तिवस्याच्या बाजूच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी झाली होती, स्टेशन डायरीवर सही केली होती आणि पहिला चहा टेबलावर आला होता. तेवढ्यात जवळच्या एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, लवकर या. आमच्या हिरीत कोनंतरी जहर टाकलं. बेंडकंच बेंडकं मरून तरंगून राहिले. लोक लय भडकले."

या गावच्या नळयोजनेची मोटर जळून पंधरवडा होऊन गेला होता. त्यामुळे सारे गाव जुन्या सार्वजनिक विहिरीवर पाणी भरत होते. चार-पाच जणांना हगवण-उलट्या झाल्या होत्या, एका म्हाताऱ्याला अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात हलवले होते. ऑगस्ट महिना, पावसाचा खंड पडलेला, कपाशीवर फवारणीचे दिवस. म्हणजे गावात घरोघर विषाचे डबे होतेच. मी चहा तसाच ठेवला आणि जीप काढायला सांगितली.

विहिरीवर पोचलो तर पाण्यावर पांढरी पोटे तरंगत होती. दोराला टोपले बांधून आम्ही ती वर काढायला लावली. टोपल्यातून जे निघाले ते पाहून माझा हवालदार दोन पावले मागे सरकला. मुठीएवढे गोल, फुगलेले बेडूक. अंगावर हिरवे-तपकिरी ठिपके, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत फाटलेले तोंड आणि डोळ्यांवर दोन बारकी शिंगे. काही अगदी रुपयाएवढे होते. दोघा-तिघांच्या तोंडात तर दुसऱ्याच बेडकाचे पाय लटकत होते.

"पाहा साहेब," एक जण म्हणाला, "जहरानं पिसायले अन् एकमेकायले खाऊन राहिले."

पंचनामा सुरू केला. विहिरीच्या कठड्यावर हळद-कुंकू वाहिलेले होते. शेजारी हिरवा खण, नारळ, मूठभर तांदूळ, विझलेली उदबत्ती. मी ते सगळे पंचनाम्यात घेतले. पंच कुरकुरला. "त्याचं काय लिवता साहेब? कोन्या बायतिनीनं हीर पुजली असन." आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्याने न्हाऊन-धुऊन विहिरीची पूजा करते आणि मगच घागर उचलते, हे मलाही ठाऊक होते. तरी लिहिले. पंचनाम्यात दिसेल ते लिहायचे, पटेल ते नाही, हे मी प्रत्येक नव्या पोराला शिकवत आलो.

आणखी एक गोष्ट लिहिली. टोपले खाली जाई तेव्हा पाण्यात बारीक मासोळ्या सळकन बाजूला होत. त्या जिवंत होत्या, चांगल्या चपळ होत्या.

एवढ्यात गलका झाला. दहा-बारा जण एका माणसाला धरून आणत होते. त्याचा शर्ट फाटला होता, ओठ फुटून हनुवटीवर रक्त आले होते. हा माणूस रोजाने फवारणीची कामे घ्यायचा. घर बुद्धविहारामागच्या वस्तीत. पाणी भरायच्या रांगेवरून आठवड्यापूर्वी त्याची वरच्या आळीतल्या लोकांशी बाचाबाची झाली होती आणि दोन दिवसांपूर्वी पाठीवर पंप घेऊन तो विहिरीजवळून जाताना कोणी तरी पाहिला होता. गावाला तेवढे पुरे होते. संशयाचे पाणी उताराकडेच वाहते, आणि आमच्या गावांमधून उतार कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असते.

"साहेब, त्याले आमच्या हवाली करा. तुमी फक्त तासभर बाजूले व्हा," एक पुढारी म्हणाला.

मी त्याच्याकडे नीट पाहिले. "तुम्ही बाजूला व्हा. नाही तर जीपमध्ये अजून जागा आहे."

त्या माणसाला जीपमध्ये घातला. गावाला वाटले, ठाणेदाराने आरोपी उचलला. मी खरे तर त्याला त्यांच्या हातातून उचलला होता. आधी त्याला ग्रामीण रुग्णालयात नेऊन जखमांची तपासणी करवून घेतली आणि मग ठाण्यात आणले.

ठाण्यात अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा नोंदवला. सार्वजनिक पाणी घाण करण्याचे कलम लावले, पाण्याचे नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवले. मग फवारणीवाल्याला समोर बसवून चहा दिला. चौकशीत मी आधी चहा देतो, मग प्रश्न विचारतो. माणूस कप कसा धरतो त्यावरून पुष्कळ कळते. त्याने कप दोन्ही हातांत घट्ट धरला होता, पण नजर खाली नव्हती.

"पंप कुठे धुतोस?"

"नाल्यावर."

"विहिरीजवळून कशाला गेलास?"

"रस्ता तोच हाय."

"भांडण झालं होतं?"

"झालं होतं." थोडे थांबून तो म्हणाला, "साहेब, माही बायको, माहे लेकरं त्याच हिरीचं पानी पेतात. मी जहर टाकीन तं पयले मरन कोन?"

खोटे बोलणारा माणूस उत्तराला शेपूट जोडत जातो. हा एकेका शब्दात बोलत होता. मला तो खरा वाटला. पण ठाणेदाराला काय वाटते याला गावात किंमत नसते. त्याला सोडून दिला असता तर गावाने त्याला संध्याकाळपर्यंत संपवला असता. अटक दाखवली असती तर पुढे निर्दोष सुटूनही 'हीर नासवनारा' हे नाव त्याच्या पोराबाळांना चिकटले असते. त्याची बायको ठाण्याच्या फाटकाबाहेर येऊन बसली होती. तिने एकच विचारले, "साहेब, आता आमाले गावात राहू देतीन का?" मी तिला म्हणालो, राहू देतील, ते माझ्यावर सोड. हे बोललो तेव्हा हातात काही नव्हते. पण बोललो म्हणजे करणे आलेच.

मासोळ्या माझ्या डोक्यातून जात नव्हत्या. विष असते तर आधी त्या उलट्या झाल्या असत्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावले. त्यांनी दोन बेडूक कापून पाहिले, हात धुतले आणि चष्मा पुसत म्हणाले, "ठाणेदारसाहेब, हे बुडून मेले."

"काय?"

"बुडून. बेडूक आहेत, पण आपल्या इकडचे नाहीत. हे दक्षिण अमेरिकेतले. ओल्या मातीत स्वतःला पुरून घेतात, फक्त डोळे बाहेर. समोरून जे जाईल ते गिळतात. पोहणं यांना धड येत नाही. विहिरीच्या भिंती सरळ बांधीव, चढायला जागा नाही. दमले आणि बुडाले. मग सडले, आणि ते पाणी लोक प्याले."

माझा हवालदार तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. बेडूक बुडून मेला हे ऐकून कोण हसणार नाही? पण गावात ही बातमी गेली तेव्हा कोणी हसले नाही. पोलीस पाटलाचा पुन्हा फोन आला. "साहेब, लोक म्हंतात, ठाणेदार त्याले वाचवाले काईबी सांगून राहिला. बेंडूक कुठी पान्यात बुडते का?"

म्हणजे बेडूक टाकणारा सापडल्याशिवाय या माणसाची सुटका नव्हती.

मी दोन कामे केली. बेडकाचा फोटो काढून अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या ओळखीच्या अंमलदारांच्या ग्रुपवर टाकला. आणि गावात आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताईला फोन करून विचारले, गेल्या दोन महिन्यांत गावात बाळंतपण कोणाकडे झाले? तिने सांगितले, "कोनाकडेच नाई साहेब. दोघीजनी हायेत, पन त्यायले अजून अवकाश हाय."

मग विहिरीची ओटी कोणी भरली? गावात बाळंतीण नाही, सण नाही, लग्न नाही. शिवाय ओटीही बेडकांच्याच सुमाराची होती, तांदळाला अजून किडामुंगी लागलेली नव्हती. मी टेबलावर बोट आपटून हवालदाराला म्हणालो, "ज्याला विष टाकायचं आहे, तो विहिरीची ओटी भरत नाही. हे बाईचं काम आहे, आणि बाई बाहेरची आहे." हवालदार म्हणाला, "बाहेरची बाई आपल्या गावच्या विहिरीची ओटी काहून भरन साहेब?" मी म्हणालो, "ती या गावची लेक असेल, म्हणून."

दुपारी अकोल्याच्या एका जमादाराचा फोन आला. त्याच्या मुलीने असला बेडूक अकोल्यातल्या एका रंगीत माशांच्या दुकानातून आणला होता. त्या बेडकाने घरातल्या पोपटाच्या पिंजऱ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती जमादारणीला आवडली नाही आणि दुसऱ्याच दिवशी बेडूक परत गेला. "दुकानवाल्यानं घ्याले खूप कां-कूं केली साहेब," जमादार सांगत होता, "म्हने, फुकट ठेवा, पन परत आनू नका."

हे वाक्य ऐकताच मी उठलो. विकलेला माल परत घेताना दुकानदार कुरकुरतो, हे समजते. पण फुकट ठेवा म्हणणाऱ्याकडे माल जास्त झालेला असतो.

फवारणीवाल्याला ठाण्यातच, बायकोसह, बसवून ठेवले आणि महिला शिपायाला सोबत घेऊन निघालो. वाटेत मूर्तिजापूरला जीपचे टायर पंक्चर झाले, तिथे काही वेळ गेला. अकोल्याला पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. दुकान छोटे, नीटनेटके. पुढे माशांच्या काचपेट्या. मालक चाळिशीचा, चेहऱ्याने दमलेला. गणवेश पाहून त्याने ग्राहकाला निम्म्यात सोडले.

"मागची खोली दाखवा," मी म्हणालो.

मागची खोली पाहून मी दारातच थांबलो. भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी मांडण्या आणि त्यांवर दह्याचे प्लास्टिकचे डबे, आइस्क्रीमचे कप, चहाचे ग्लास. प्रत्येकाच्या झाकणाला भोके, प्रत्येकात चिमूटभर ओली माती, आणि त्या मातीतून वर पाहणारे दोन डोळे. शेकडो डोळे होते. एका कोपऱ्यात रातकिड्यांचे डबे किरकिरत होते. दुसऱ्या कोपऱ्यात मोठी काचपेटी, तिच्यावर भोके पाडलेली नळी आणि कूलरची छोटी मोटर.

"हे काय?" मी मोटरकडे बोट दाखवले.

"पाऊस," तो म्हणाला.

मग त्याने सांगितले, आणि सांगताना त्याच्या दमलेल्या चेहऱ्यावर जरा तेज आले. हे बेडूक पाळणारे पुष्कळ आहेत, पण घरात त्यांची वीण होणे कठीण. याने डोके लावले. जोडीला आधी दोन महिने कोरड्या मातीत, आपल्या उन्हाळ्यासारखे, उपाशी ठेवले. मग या पेटीत रात्रंदिवस खोटा पाऊस पाडला. नर ओरडायला लागला आणि एका सकाळी पेटीभर अंडी. दुसऱ्यांची पिल्ले मरतात, कारण ही जात लहानपणापासून एकमेकांना खाते. याने प्रत्येक पिल्लाला वेगळा डबा दिला. एकूण एक जगले. देशभरातून फोन यायला लागले. लोक याला गुरू म्हणू लागले.

"मंग काय साहेब, पुन्हा पाऊस पाडला," तो म्हणाला. "मंग पुन्हा. तवरोक ज्यायले बेडूक देले त्यायनंही पाऊस पाडला. मीच शिकवलं होतं त्यायले. आता कोनालेच नाई पाह्यजे. अन् इथी रोज प्रत्येकाले चिमट्यानं खाऊ घालाव लागते. माहा धंदा बसला, झोप गेली. एकत्र ठेवाव तं एक दुसऱ्याले गिळते. पैदा करनं शिकलो साहेब. थांबाचं कुठी ते कोनं सांगतलंच नाई."

मी त्याला विहिरीचा फोटो दाखवला. त्याचे मूळ गाव तेच होते. बापाने शेती विकून अकोला गाठले होते. फोटो पाहून तो पांढरा पडला आणि लगेच म्हणाला, "मीच टाकले साहेब. मले न्या."

इतका लवकर कबूल होणारा माणूस मला कधीच आवडला नाही. चोर वस्तू लपवतो. हा कोणाला तरी लपवत होता.

"केव्हा टाकले?"

"परवा."

"कशातून नेले?"

"बकेटीतून."

"ओटी कशाला भरली?"

तो गोंधळला. "कोनाची ओटी?"

"विहिरीची. खण कोणत्या रंगाचा होता?"

तो माझ्याकडे पाहतोय, महिला शिपायाकडे पाहतोय. इतक्यात आतल्या दाराचा पडदा हलला आणि म्हातारा पण खणखणीत आवाज आला.

"हिरवा."

नऊवारीतली एक बाई बाहेर आली. त्याची आत्या. सत्तरीच्या आसपास, मूलबाळ नाही, नवरा गेल्यापासून भाच्याकडेच राहणारी. "त्याले काई इचारू नका बाप्पा. त्याले मालूमच नाई. मीच नेले."

तिने बसून सगळे सांगितले. ही पिल्ले वाढवली होती खरी तिने. भाचा दुकानात, आणि ही दिवसभर चिमटा घेऊन एकेकाला भरवणार. चष्मा लावून, नावे ठेवून. मग एक दिवस भाच्याने लवंगेच्या तेलाच्या बाटल्या आणल्या. तिने विचारले, दाढ दुखते का तुही? डब्यांची एक मांडणी त्याने बाजूला काढून ठेवली. पाण्यात ते तेल घातले की बेडूक गुंगतात आणि झोपेतच मरतात, हे तिला दुकानातल्या फोनवरच्या बोलण्यावरून कळले.

"माह्या हातानं खाल्लं त्यायनं," ती म्हणाली. "मरू कशी देऊ? सकायची एस्टी धरली. दोन डबे, वरून फडकं. अर्ध्या रस्त्यात पाह्यलं तं मोठ्यानं लहान्याले धरलेलं. मी गाडीतच रडली. मंग म्हटलं, आपल्या गावची हीर मोठी हाय, पानी बक्कळ. अन् हिरीत बेंडूक असला म्हंजे पानी जित्तं रायते, असं माही आजी म्हने. गाव समदं वावरात होतं. म्यां ओटी भरली. म्हटलं, माय, हे पोरके लेकरं तुह्या पदरात. अन् सोडले."

मग तिने विचारले, "कसे हायेत ते?"

मी आयुष्यात पुष्कळांना मृत्यूची बातमी दिली आहे. बेडकांची देताना जीभ जड होईल असे वाटले नव्हते. सांगितले, मेले. तिने पदर तोंडाला लावला. भाचा भिंतीला टेकून तसाच खाली बसला.

"आत्याबाई," मी म्हणालो, "बेडकांचं दुःख नंतर करा. गावाला वाटलं, विष टाकलं. वस्तीतल्या एका माणसाला धरून मारलं. तो माझ्या ठाण्यात बसला आहे. बायकापोरांसकट त्याला गावाबाहेर काढायला निघालेत."

तिने पदर खाली घेतला. कोणाचा पोरगा, म्हणून विचारले. मी सांगितल्यावर तिला त्याची आई आठवली. दोघी एकाच वावरात तण निंदायला जात. ती उठली, चपला शोधू लागली. भाचा म्हणाला, "आत्ये, तू नको जाऊ. मी जातो. माह्याच डोक्याचा खेळ हाय हा." ती त्याला म्हणाली, "तुहा खेळ होता, पन हात माहे होते. सर बाजूले."

अकोल्याच्या ठाण्यात तिला सोबत नेत असल्याची नोंद केली, वनविभागाला उरलेल्या बेडकांची खबर दिली आणि आम्ही परतलो. बेडकांचे पुढचे काम वनविभागाचे होते. असे प्राणी नाल्यात-तळ्यात सोडले तर आपल्या इकडच्या बेडकांना खातील, नाही तर त्यांना नसलेले रोग देतील, हे मला त्यांच्याच अधिकाऱ्याने नंतर समजावले. विहिरीत ते बुडून मेले हे एका अर्थी बरेच झाले, असेही तो म्हणाला. आत्याबाईंना मात्र मी हे कधी सांगितले नाही.

दुसऱ्या सकाळी गावात बैठक बसली. मी सगळे उभ्याने सांगितले. ज्या पुढाऱ्याने मला तासभर बाजूला व्हायला सांगितले होते, तोच हसत पुढे आला.

"असं होय! मंग काई नाई साहेब. आपल्याच गावची लेक हाय, मायेरी आली, चुकून झालं. म्हातारं मानूस. मिटवून टाका. गावाची इज्जत हाय."

कालपर्यंत यालाच विष दिसत होते. आज तेच बेडूक, तीच विहीर, आणि आता चुकून झाले. माझे टाळके सणकले. मी म्हणालो, "भाऊ, काल तो विष टाकणारा होता तेव्हा गावाची इज्जत कुठं होती? गुन्हा नोंदलेला आहे. आत्याबाई कोर्टात उभ्या राहतील आणि कोर्ट ठरवेल."

"राहीन," आत्याबाई मागून म्हणाल्या. "काहून नाई राहनार?"

त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पंप लावून विहीर उपसली. गाळ काढला, झरे मोकळे केले, ग्रामसेवकाने पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली. आशाताईने सांगितले, आता पाणी प्यायला हरकत नाही. दवाखान्यातला म्हाताराही घरी आला. पण कोणी घागर पुढे करेना. सारे गाव विहिरीभोवती उभे. वस्तीतले लोक एका बाजूला, वरच्या आळीतले दुसऱ्या. फवारणीवाला बायकोला घेऊन मागे उभा होता, अंगावर अजून तोच फाटका शर्ट.

आत्याबाई सरळ त्याच्याकडे गेल्या. गर्दीने वाट दिली.

"बाबू, बादली धर. पानी शेंद."

तो हलला नाही. "मावशी, लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. त्यायनं पाहावं म्हनूनच सांगतो तुले."

त्याने बायकोकडे पाहिले. मग पुढे झाला, बादली सोडली, पाणी ओढले. आत्याबाई त्याच्यासमोर वाकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी ओंजळ केली. त्याने धार धरली. त्या पोटभर प्याल्या, तोंडावरून ओला हात फिरवला आणि बाजूला झाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आले हे सांगायला मला लाज वाटत नाही. पोलीस पाटलाने टोपी काढून बगलेत धरली आणि ओंजळ पुढे केली. त्याच्यामागे आणखी काही आले. काही बाया कठड्याच्या पलीकडे जाऊन आपले आपण पाणी ओढू लागल्या, आणि काही घरी निघून गेले. सगळे गाव एका ओंजळीत बदलते असे मी म्हणणार नाही. मी पोलीस आहे, पाहिले तेवढेच सांगतो.

धार संपल्यावर फवारणीवाल्याने बादली कठड्यावर ठेवली, हात पुसले आणि माझ्याकडे आला.

"साहेब, माही तक्रार लिवून घ्या."

"कसली?" पुढारी मध्येच म्हणाला. "आता कायले? आत्ताच तं गावानं तुह्या हातचं पानी पेलं!"

"त्यायले तहान लागली होती, म्यां पाजलं," तो म्हणाला. "मार खाल्ला तो येगळा."

मी तिथेच, विहिरीजवळच्या ओट्यावर बसून त्याची फिर्याद घेतली. कोणकोणती कलमे लागतात ते मोठ्याने वाचून दाखवले. अॅट्रॉसिटीचे नाव आल्यावर दोन पुढारी हळूच उठून गेले. पुढचा तपास नियमाप्रमाणे उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे गेला. प्रयोगशाळेचा अहवाल यथावकाश आला, पाण्यात विष नव्हते. आत्याबाईंनी कोर्टात पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि न्यायाधीशांना नमस्कार करून घरी गेल्या. भाचा आता फक्त मासे विकतो. खोट्या पावसाची मोटर त्याने कूलरला परत लावली, असे जमादाराकडून कळले.

या केसने काय शिकवले असे मला लोक विचारतात. वाईट माणसे मी पुष्कळ पकडली, त्यांचे काही विशेष वाटत नाही. पण इथे भाच्याने वाईट केले नव्हते. त्याला एक गोष्ट फार चांगली जमली आणि कुठे थांबायचे ते त्याला कळले नाही. आत्याबाईंना दया आली, आणि तीही कुठे थांबली नाही, थेट विहिरीत गेली. गावाला शंका आली, ती हातापायांवर आली. सगळ्यांचे चांगले-वाईट एकमेकांत मिसळून गेले होते. त्या साऱ्या गोंधळात एकच माणूस पाणी पाजणे आणि मार विसरणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून उभा होता, आणि त्याच्यावरच साऱ्या गावाने संशय घेतला होता. त्याची फिर्याद लिहून झाली तेव्हा मी ओट्यावरून उठून पेन त्याच्या हातात दिला आणि त्याची सही होईपर्यंत उभा राहिलो.